पॅसेंजर गाडीच्या खिडकींतून

आगगाडीच्या प्रवासाविषयीं बोलावयाचें म्हटलें म्हणजे वक्ता बहुधा आपण पोहोंचलेल्या ठिकाणाचें वर्णन करितो. काशीस गेलेला मनुष्य काशीचे घाट वाखाणतो, रामेश्वरास गेलेला समुद्राची शोभा सांगतो. मधला रस्ता हा त्याच्या लेखीं केवळ सोसावयाचा भाग असतो. आज मी त्या मधल्या रस्त्याविषयींच बोलणार आहें. आणि तो रस्ताहि कांहीं दूरदेशींचा नव्हे. मनमाड ते नांदेड हा सुमारें ३५० किलोमीटरांचा आपल्याच मुलखांतील लोहमार्ग, आणि त्यावरून दिवसभर रखडत जाणारी, प्रत्येक लहानमोठ्या स्थानकाचा मान राखणारी पॅसेंजर गाडी, हा आजचा विषय. २०१९ सालच्या डिसेंबर महिन्यांत अशा एका गाडीच्या खिडकींतून दिसलेला मुलूख मीं माझ्या मोबाईलवर चलच्चित्राच्या रूपानें टिपून ठेविला. त्याचे २२ तुकडे आहेत व ते सर्व मिळून ३ तासांचे भरतात. त्यांत कथा नाहीं, नायक नाहीं, संगीत तर नाहींच नाहीं. तरीहि शेजारपाजारचीं माणसें तें चित्र मागून नेतात आणि पाहत बसतात. असें कां व्हावें, याचा थोडा विचार आपण करूं.

चलच्चित्र आणि आगगाडी यांची सोयरीक आजची नव्हे. फ्रान्समधील ल्युमिएर बंधूंचीं चलच्चित्रें हिंदुस्थानांत प्रथम दाखविलीं गेलीं तीं ७ जुलै १८९६ रोजीं, मुंबईच्या वॉटसन हॉटेलांत. प्रवेशमूल्य १ रुपया होतें, आणि त्या दिवशींच्या चित्रांत स्थानकावर येऊन थांबणाऱ्या आगगाडीचें एक चित्र होतें. एकेक चित्र धड मिनिटभराचेंहि नसे. त्यांत यंत्र एका जागीं उभें आणि गाडी चालती असा प्रकार होता. परंतु त्याच वर्षीं ल्युमिएर यांच्या प्रोमिओ नांवाच्या छायाचित्रकारानें व्हेनिस शहरांत आपलें यंत्र होडींत ठेविलें, आणि कांठावरचे वाडे चालूं लागले! लवकरच तेंच यंत्र आगगाडीवर चढलें. इंग्लंड-अमेरिकेंत अशा चित्रांची लोकांस इतकी गोडी लागली कीं, त्यांस 'भुताची सवारी' अशा अर्थाचें नांव पडलें. कारण प्रेक्षकांस रूळ आपल्याकडे धांवत येतांना दिसत, पण ओढणारें इंजिन कोठेंच दिसत नसे. म्हणजे ज्यास आज आपण पोरखेळ समजतों, तो चित्रपटकलेच्या पहिल्या धड्यांपैकीं एक होता.

आपल्याकडे दादासाहेब फाळके यांनीं १९१३ सालीं 'राजा हरिश्चंद्र' लोकांपुढें आणिला. त्यापूर्वीं त्यांनीं वाटाण्याच्या रोपाची वाढ चित्रित केली होती, व कित्येक दिवसांची ती वाढ कांहीं क्षणांत डोळ्यांस दाखविली होती. काळ आटवून दाखविणें ही चित्रपटाची मोठी शक्ति आहे. खिडकींतून घेतलेलें चित्र नेमकें याच्या उलट असतें. तें कांहींच आटवीत नाहीं. गाडीस जितका वेळ लागला, तितकाच पाहणाऱ्यासहि लागतो. त्याचें वैगुण्य म्हणा कीं वैशिष्ट्य म्हणा, तें येथेंच आहे.

आतां ज्या मार्गाचें हें चित्र आहे त्याविषयीं चार शब्द. १६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदरहून ठाण्यास पहिली गाडी गेली, ती ५ फूट ६ इंच अंतराच्या मोठ्या रुळांवरून. मनमाडहून औरंगाबाद, जालना, परभणी, नांदेड असा हैदराबादेकडे जाणारा मार्ग त्यानंतर जवळजवळ अर्ध्या शतकानें, १९०० सालच्या सुमारास, निजामाच्या राज्यांत झाला. हैदराबाद-गोदावरी खोऱ्याची रेल्वे असें त्याचें नांव. हा मार्ग मीटर रुळांचा होता. म्हणजे दोन रुळांमध्यें अवघें १ मीटर अंतर. त्यामुळें मुंबईचा डबा मराठवाड्यांत येऊं शकत नव्हता, व मराठवाड्याचा डबा मुंबईस जाऊं शकत नव्हता. मनमाडास प्रत्येक प्रवाशानें बोचकें डोक्यावर घेऊन गाडी बदलावी, आणि कापसाची प्रत्येक गांठ हमालानें एका वाघिणींतून दुसरींत टाकावी, असा दंडक होता. १९३० सालीं ही रेल्वे निजाम सरकारनें विकत घेतली. १९४८ सालीं हैदराबाद संस्थान भारतांत सामील झालें, १९५१ सालीं ही रेल्वे मध्य रेल्वेंत गेली, आणि १९६६ सालीं दक्षिण मध्य रेल्वेंत आली. मालक बदलले, परंतु रूळ तेच राहिले. १९९० नंतरच्या दशकांत या मुलखांतले रूळ रुंद झाले. तोंपर्यंत, म्हणजे सुमारें ९० वर्षें, मनमाडचा फलाट ही मराठवाड्याची वेस होती.

माझें लहानपण त्या मीटर रुळांच्या काळांत गेलें. वाफेच्या इंजिनाचा धूर खिडकींतून आंत येई, आणि कोळशाचा कण डोळ्यांत गेला म्हणजे आई पदराच्या टोकानें तो काढी. स्थानकांत गाडी शिरतांना ड्रायव्हर वेताचें एक मोठें कडें बाहेर टाकी व दुसरें हातांत अडकवून घेई. त्या कड्यास चामड्याची पिशवी असे आणि तींत लोखंडी गोळा असे. दोन स्थानकांमधल्या रुळांवर एका वेळीं एकच गाडी असावी, यासाठीं ही योजना. दोन्ही स्थानकांवरील यंत्रें तारेनें जोडलेलीं असत. एकाकडून गोळा बाहेर निघाला कीं, तो परत यंत्रांत पडेपर्यंत दुसरा गोळा कोणाकडूनच निघत नसे. ज्याच्या हातीं गोळा त्याचाच रस्ता! वर्गांत शिस्तीचा धडा शिकवितांना मीं हें उदाहरण अनेकदां दिलें आहे. परंतु त्या काळचें चित्र म्हणाल तर माझ्याजवळ एकहि नाहीं. आमच्या घरीं कॅमेरा नव्हता, आणि ज्यांच्या घरीं होता ते लग्नमुंजींचीं छायाचित्रें काढीत. गोळा झेलणाऱ्या ड्रायव्हरवर फिल्म कोण खर्च करणार? नित्याची गोष्ट कोणी टिपून ठेवीत नाहीं, आणि म्हणून तीच प्रथम नाहींशी होते. मुलानें मोबाईल दिला तेव्हां हा विचार माझ्या मनांत होता.

प्रवासास निघतांना बाजू कोणती धरावी, हा पहिला प्रश्न. मनमाडहून नांदेडकडे जातांना गाडीचें तोंड साधारणपणें आग्नेयेस असतें. म्हणून हिवाळ्यांत दिवसाचा बराच भाग सूर्य उजव्या हातास राहतो. डाव्या खिडकींत बसलें म्हणजे डोळ्यांवर ऊन येत नाहीं, आणि समोरच्या शेतांवर मात्र स्वच्छ उजेड पडतो. शिवाय देवगिरीचा किल्ला डाव्या हातासच आहे. मनमाड सुटतांच अंकाई-टंकाई हे जोडकिल्ले आणि आंगठ्यासारखा उभा असलेला हडबीच्या शेंडीचा सुळका, यांनीं चित्राचा आरंभ झाला. मग नगरसूल, रोटेगांव, परसोडा, लासूर अशीं स्थानकें मागें पडलीं, आणि पोटूळ सोडल्यावर क्षितिजावर देवगिरी आला.

तो किल्ला कसा आला, हें पाहण्यासारखें आहे. रुळालगतच्या बाभळी बाणासारख्या मागें जातात. त्यांच्या पलीकडची विहीर संथपणें मागें सरकते. त्याहून दूरचें खेडें जेमतेम हलतें. आणि किल्ला तर आपल्याबरोबरच चालत असल्याचा भास होतो. जें जवळ असतें तें डोळ्यांशीं मोठा कोन करून चटकन् ओलांडलें जातें. जें दूर असतें त्याचा कोन फार सावकाश बदलतो. भूमितींतील हा नियम फळ्यावर समजावून देण्यास मला एक तास लागत असे. चित्राच्या या तुकड्यांत तो पांच मिनिटांत आपोआप समजतो. मुहम्मद तुघलकानें १३२७ सालीं दिल्लीहून राजधानी हलविली ती याच डोंगराच्या पायथ्याशीं. सात शतकांहून जुना तो किल्ला खिडकींत सर्वांत अधिक वेळ टिकतो, आणि काल उभारलेला जाहिरातीचा फलक अर्ध्या क्षणांत जातो. यांतून कोणास कांहीं बोध घ्यावयाचा असल्यास त्यानें खुशाल घ्यावा.

दुसरी एक गंमत मुलांनीं माझ्या नजरेस आणून दिली. चित्रांत रुळाजवळचे खांब सरळ दिसत नाहींत, तिरपे दिसतात. मोबाईलचा कॅमेरा सबंध चित्र एका क्षणांत घेत नाहीं. तो एकामागून एक अशा आडव्या ओळी वाचीत जातो. पहिली ओळ वाचून शेवटची वाचेपर्यंत गाडी थोडी पुढें गेलेली असते, म्हणून खांबाचा माथा एके ठिकाणीं आणि पाया दुसऱ्या ठिकाणीं उमटतो. दूरचीं झाडें मात्र सरळच राहतात, कारण तेवढ्या वेळांत तीं जागचीं फारशीं हललेलीं नसतात.

आवाजाचीहि एक हकीकत आहे. जुन्या रुळांचे तुकडे सांध्यांनीं जोडलेले असत, आणि प्रत्येक सांध्यावर चाकांचा 'खटक्-खटक्' असा जोडठोका पडे. रुळाचा तुकडा १३ मीटरांचा असला, तर ४७ सेकंदांत जितके जोडठोके मोजावेत तितके किलोमीटर हा गाडीचा ताशीं वेग समजावा. हिशेब अगदीं सोपा आहे. ठोक्यांची संख्या १३ नें गुणली म्हणजे मीटर झाले, आणि ४७ सेकंदांचा तास केला कीं उत्तर जवळजवळ तेवढेंच येतें. आतां रूळ एकमेकांस वितळवून जोडतात. मैलच्या मैल सांधा लागत नाहीं. गाडी गुळगुळीत चालते, हें उत्तम झालें. तथापि माझ्या चित्रांत तो ठोका केवळ स्थानकांत शिरतांना, रूळ बदलतांना ऐकूं येतो. माझ्या नातवास 'आगगाडी कशी बोलते' असें विचारलें, तर तो नुसता भोंगा वाजवून दाखवितो.

आतां शेतांकडे वळूं. १९ सालचें तें वर्ष मराठवाड्यास मोठें विलक्षण गेलें. उन्हाळ्यांत दुष्काळ होता. पुढें वरच्या पाण्यानें जायकवाडीचें धरण भरलें, आणि लोक निश्वास टाकतात न टाकतात तोंच ऑक्टोबरांत अवकाळी पावसानें हातांत आलेलें पीक बुडविलें. डिसेंबरांतील माझ्या चित्रांत हें सगळें लिहिलेलें आहे. जालन्याच्या अलीकडे कपाशीचीं बोंडें काळवंडलेलीं दिसतात. बांधावर भिजून कुजलेल्या कडब्याच्या पेंढ्या रचलेल्या आहेत. आणि त्याच्याच शेजारीं, ओल भरपूर असल्यामुळें, शाळू ज्वारी कमरेइतकी हिरवीगार उभी आहे, हरभरा फुलांवर आला आहे. तूर पिवळी झाली आहे. एका शेतांत बुडालेलें वर्ष आणि पुढच्या शेतांत येणारें वर्ष! सरकारी अहवालांत हीं दोन निरनिराळ्या पानांवर येतात. खिडकींत तीं एका मिनिटाच्या अंतरानें आलीं.

औरंगाबाद शहर समुद्रसपाटीपासून सुमारें ५७० मीटर उंचीवर आहे आणि नांदेड सुमारें ३६० मीटरांवर. म्हणजे दिवसभरांत गाडी २०० मीटर खालीं उतरते. प्रवाशास उतार जाणवत नाहीं. परंतु चित्राचा पहिला व शेवटचा तुकडा शेजारीं ठेवून पाहिले म्हणजे कळतें. आरंभीं माळ, मुरूम आणि निवडुंग. मग जालना-परतूर ओलांडल्यावर जमीन काळी होऊं लागते. सेलू, मानवत रोड, परभणी येथवर ती शाईसारखी काळी होते. आणि पूर्णा नदी ओलांडून पुढें नांदेडकडे ऊंस व केळी दिसूं लागतात. नकाशांत गोदावरीचें खोरें मुलांना मीं ३० वर्षें शिकविलें. डोळ्यांसमोर तें सलग उतरतांना पाहिलें तें या चित्रांत.

माणसांविषयीं न बोललों तर हें वर्णन निर्जीव होईल. पॅसेंजर गाडींतील माणसें लांबचा प्रवास करीत नाहींत. गाडी लांबची असते, प्रवासी जवळचे असतात. लासूरला कांद्याच्या बाजारास जाणारे शेतकरी दोन स्थानकें बसतात. परभणीच्या कृषि विद्यापीठाचीं मुलें चार स्थानकें बसतात. नांदेडच्या गुरुद्वाऱ्यास निघालेलें एखादें कुटुंबच तेवढें शेवटपर्यंत असतें. बदनापूरला चढलेल्या एका म्हाताऱ्या बाईनें माझ्याकडे बराच वेळ पाहून विचारलें, "गुरुजी, काय काढू लालेत हो एवढं? रानच हाय की समदं!" मी म्हणालों, "बाई, रानच काढतों आहें." त्यावर ती खिडकीपाशीं सरकली आणि म्हणाली, "मग थांबा, आमचं रान येऊ द्या. हिरीपाशी लिंब हाय त्ये." आणि खरोखरच तें निंबाचें झाड येईपर्यंत ती बोट लांब करून बसली. त्या तुकड्यांत तिचा चेहरा नाहीं. मीं कोणाचाहि चेहरा परवानगीवांचून घेतला नाहीं. पण तिचें बोट आहे आणि "ह्ये बगा, ह्ये" हे शब्द आहेत. आतां सांगा, त्या २२ तुकड्यांत याहून मोलाचें दुसरें काय असणार!

श्रोतेहो, अशी गाडी म्हणजे केवळ वाहन नसतें. २०१९ सालच्याच उन्हाळ्यांत आपल्या शहरालगतच्या मुकुंदवाडीचीं लहान लहान मुलें रिकामे कॅन व घागरी घेऊन आगगाडीनें औरंगाबाद स्थानकावर पाणी भरण्यास येत. जाऊन येऊन १४ किलोमीटर! गाडी स्थानकावर थांबे तेवढ्या थोड्या वेळांत नळापाशीं धांवावयाचें, भांडीं भरावयाचीं आणि गर्दींत चढावयाचें. त्यांचीं छायाचित्रें तेव्हां देशोदेशींच्या वृत्तपत्रांत आलीं. २०१६ सालीं मिरजेहून लातूरला पाण्याची स्वतंत्र आगगाडी गेली, तेव्हां सर्वांनीं तिचें कौतुक केलें, आणि तें योग्यच होतें. पण मुकुंदवाडीच्या मुलांसाठीं साधी प्रवासी गाडी हीच पाण्याची गाडी होती. मुकुंदवाडीच्या थांब्याचा माझा तुकडा ४० सेकंदांचा आहे. फलाट, एक कुत्रें, वाळत घातलेले कपडे, आणि भिंतीशीं ओळीनें ठेवलेलीं निळीं पिंपें. ज्यास हकीकत ठाऊक नाहीं, त्यास त्यांत कांहीं दिसणार नाहीं. ज्यास ठाऊक आहे, त्याची नजर पिंपांवरून हलत नाहीं.

त्याहून पुढचा तुकडा दाखवितांना मी नेहमीं क्षणभर थांबतों. करमाड सुटल्यावर बदनापूरच्या दिशेनें घेतलेला तो तुकडा आहे. त्यांत रुळांचें एक वळण, खडी, कांहीं बाभळी आणि उन्हांत चरणाऱ्या शेळ्या आहेत. पुढें मार्च २०२० मध्यें महामारीमुळें देशांतील सर्व प्रवासी गाड्या बंद झाल्या. जालन्याच्या पोलाद कारखान्यांत काम करणारे मध्य प्रदेशांतील उमरिया व शहडोल जिल्ह्यांचे मजूर गांवीं जाण्यास निघाले. गाडी नाहीं, म्हणून ते रुळांच्या कडेनें पायीं चालले. चालून थकले आणि, गाड्या बंदच आहेत या समजुतीनें, रुळांवरच निजले. ८ मे २०२० च्या पहांटे सटाणा शिवारांत मालगाडीखालीं त्यांतले १६ जण मृत्यु पावले. त्यांनीं बरोबर घेतलेल्या भाकऱ्या रुळांमध्यें विखुरलेल्या होत्या. तें छायाचित्र आपणांपैकीं अनेकांनीं पाहिलें असेल. माझें चित्र त्याच्या पांच महिने आधींचें. त्यांत त्या दुःखाची छायासुद्धां नाहीं. पण जी गाडी त्या माणसांना मिळाली नाहीं, तिच्याच खिडकींतून तें घेतलेलें आहे. आणि हें एकदां मनांत आलें म्हणजे त्या शेळ्यांकडे पूर्वीसारखें पाहवत नाहीं.

महामारी ओसरल्यावर गाड्या हळूहळू परत आल्या, परंतु अनेक पॅसेंजर गाड्या परत आल्या त्या एक्स्प्रेस हें नांव धारण करून. औरंगाबादहून हैदराबादेस जाणारी आपली जुनी पॅसेंजरहि अशीच एक्स्प्रेस झाली. लहान अंतराचें किमान भाडें १० रुपयांचें ३० रुपये झालें, आणि २०२४ सालीं तें पुन्हां १० वर आलें. मधल्या काळांत भाजीवाल्या बाईनें दोन स्थानकांसाठीं तिप्पट पैसे मोजले, ही गोष्ट शहरांतल्या मनुष्यास क्षुल्लक वाटेल. ज्याची दिवसाची कमाईच दोनअडीचशें रुपये, त्यास विचारून पाहावें.

दुसऱ्या बाजूनें सुधारणाहि झपाट्यानें झाल्या. मार्गावर विजेच्या तारा आल्या. ३० डिसेंबर २०२३ रोजीं जालन्याहून मुंबईस वंदे भारत गाडी सुरू झाली व २०२५ सालीं ती नांदेडपर्यंत वाढली. ज्या मनमाडास आमचे वाडवडील बोचकीं घेऊन गाडी बदलीत, तेथून ही गाडी सरळ निघून जाते. हें पाहून मला आनंदच होतो. मी कांहीं धुराचा आणि कोळशाच्या कणाचा पुरस्कर्ता नव्हे. मात्र तिच्या खिडक्या बंद कांचेच्या आहेत. बाहेरचा आवाज नाहीं, वास नाहीं, 'पेरू घ्या, पेरू' अशी आरोळी नाहीं. आणि आतां डाव्या खिडकींतून किल्ला पाहूं म्हटलें तर सरळ मार्गावर ६०-७० मीटरांवर एकेक विजेचा खांब आड येतो. ताशीं ६० किलोमीटरांनीं जाणाऱ्या गाडीस दर चार सेकंदांनीं एक खांब! २०१९ सालीं मीं घेतलेला देवगिरीचा निर्वेध देखावा आतां त्या खिडकींतून कोणास मिळावयाचा नाहीं. चित्रांत आपल्या शहराच्या स्थानकाची पिवळी पाटीहि आहे. तिच्यावर 'औरंगाबाद' असें आहे. २०२३ सालीं शहराचें नांव छत्रपती संभाजीनगर झालें, आणि २०२५ सालीं स्थानकाचेंहि झालें. पाटी बदलली. माझ्या तुकड्यांतील पाटी आतां इतिहासाचा कागद होऊन बसली आहे, आणि त्यास सहाच वर्षें लागलीं.

असलें लांबलचक चित्र पाहण्यास कोणास सवड आहे, असें आपण विचाराल. नॉर्वे नांवाचा देश आहे. तेथें बर्गेन ते ऑस्लो या आगगाडीच्या मार्गास २००९ सालीं १०० वर्षें झालीं. त्यानिमित्त २७ नोव्हेंबर २००९ रोजीं तेथील सरकारी दूरचित्रवाणीनें त्या गाडीचा सात तासांहून अधिक काळाचा सबंध प्रवास, जसा आहे तसा, दाखविला. तो देश तेव्हां ५० लाखांहून कमी वस्तीचा होता; आणि दहा लाखांवर माणसांनीं त्या प्रवासाचा थोडा ना थोडा भाग पाहिला! बर्फाच्या डोंगरांचें आकर्षण होतें, हें खरें. परंतु आमच्या बदनापूरच्या बाईस तिच्या निंबाच्या झाडाचें आकर्षण त्याहून तिळमात्र कमी नव्हतें. आपलें गांव पडद्यावरून जातांना पाहण्याची इच्छा जगांत सर्वत्र सारखीच असते.

तेव्हां माझी सूचना अशी आहे. आज घरोघरीं मोबाईल आहे, आणि सुट्टींत मुलें प्रवास करितातच. त्यांस हें एक काम सांगावें. दारांत उभें राहून किंवा हात बाहेर काढून चित्र घेऊं नये; जिवापेक्षां चित्र मोठें नाहीं. बांकावर बसून, खिडकीच्या आंतूनच, कोपर मांडीवर टेकवून घ्यावें. तुकडा निदान पांच मिनिटांचा असावा. दहा सेकंदांचे शंभर तुकडे निरुपयोगी होत. प्रत्येक स्थानकाची पाटी चित्रांत यावी, आणि तारीख व वेळ तोंडानें बोलून ठेवावी. वर सिनेमाचें गाणें चढवूं नये; डब्यांतला आवाज हेंच त्याचें संगीत. परक्या माणसाचा चेहरा विचारल्याशिवाय घेऊं नये. आणि घरीं आल्यावर तें दोन ठिकाणीं उतरून ठेवावें, कारण मोबाईल बुडतो, फुटतो आणि हरवतोहि.

पुढें २० वर्षांनीं कोणी मुलगा विचारील कीं, करमाडजवळ तेव्हां काय पिकत होतें, पोटूळच्या स्थानकावर कोणतें झाड होतें, निंबाखालची विहीर खरोखरच होती कीं आजीनें रचून सांगितली? पुस्तकांत त्याचें उत्तर मिळणार नाहीं. तें कोणी तरी एका साध्या दिवशीं, साध्या गाडींतून, कंटाळा न करितां घेऊन ठेविलेलें असलें तरच मिळेल. या आठवड्यांत आपणांपैकीं कोणास आगगाडीनें जावयाचें असेल, तर त्यानें खिडकीची जागा धरावी. माझी वेळ संपली.